माकिवारा नेमका कशासाठी मारायचा?

उभा_खांब:

कराटे शिकणाऱ्यांमध्ये माकिवाराचा विषय निघाला की बोलणं लगेच मुठीवरच्या घट्ट्यांकडे वळतं. कोणाच्या गाठी किती जाड, कोण उघड्या हाताने काय काय फोडतो, वगैरे. माझं मत वेगळं आहे. या खांबाचं मुख्य काम हात टणक करणं नाहीच, ठोसा तपासणं हे आहे. हात घट्ट होतो, पण मागाहून आणि फार सावकाश. हा क्रम उलटा धरला की हात बिघडतो आणि ठोसा होता तिथेच राहतो.

ज्यांनी माकिवारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: ओकिनावातला पारंपरिक माकिवारा म्हणजे जमिनीत पुरलेली लाकडी फळी. बुंध्याशी जाड, वर निमुळती होत गेलेली. साधारण एक तृतीयांश लांबी जमिनीखाली, वरचं टोक मारणाऱ्याच्या छातीच्या उंचीला. त्या टोकाला भाताच्या पेंढ्याचा दोर घट्ट गुंडाळलेला. हल्ली दोराच्या जागी चामडं किंवा दाट फोम लावतात. सगळी गंमत त्या निमुळतेपणात आहे. फळी मारल्यावर मागे वाकते आणि जितकी वाकते तितकी जास्त जोराने परत ढकलते. न वाकणारा खांब हा माकिवारा नव्हे. तळहाताने रेटल्यावर जो इंचभरही हलत नाही, त्यावर कितीही दोर गुंडाळला तरी मूठ मारू नये.

आता मारण्याबद्दल. ज्या क्षणी मूठ टेकते त्या क्षणी फळी तुम्हाला उलट ढकलते. तो धक्का तुमच्या अंगातली सगळ्यात सैल जागा शोधून काढतो. मनगट किंचित वाकडं असेल तर तिथे कळ येते. खांदा वर चढला असेल तर तो मागे फेकला जातो. खांदा बरोबर असेल तर कंबर मागे फिरते. कंबरही टिकली तर मागच्या पायाची टाच जमिनीवर सरकते किंवा उचलली जाते. आणि सगळं जुळून आलं की धक्का टाचेतून जमिनीत जातो, फळी वाकलेलीच राहते आणि तुम्ही तिला क्षणभर तशीच धरून ठेवू शकता. हवेत मारलेला ठोसा हे कधीच सांगत नाही. हवेत प्रत्येकाचा ठोसा बरोबर असतो.

ओकिनावातले जुने कराटे शिक्षक इतोसू आंको यांनी ऑक्टोबर १९०८ मध्ये ओकिनावाच्या शाळांमध्ये कराटे शिकवलं जावं म्हणून दहा मुद्द्यांचं पत्र लिहिलं. त्यात माकिवाराचा मुद्दा आहे आणि दर हाताने शंभर ते दोनशे वेळा मारा असा आकडाही आहे. लोक तो आकडा लक्षात ठेवतात. पण त्याच मुद्द्यात त्यांनी खांदे खाली ठेवा, छाती मोकळी ठेवा, पाय जमिनीत रोवा, जोर ओटीपोटात उतरवा असंही सांगितलंय. म्हणजे माकिवाराबद्दल बोलताना ते जास्त बोलले ते उभं राहण्याबद्दल. मला वाटतं हा मुद्दा आकड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

तुमच्याकडे कसा सराव होतो? खांब, वाळू, हातावर हात मारण्याचे सराव, सगळ्यावर लिहा.

सान्चिन:

छान विषय. मी गोजू-र्यू ही कराटेची शैली करते, त्यामुळे आमच्याकडे माकिवारा एकटा नसतो, होजो उंदोचा, म्हणजे उपकरणांनी करायच्या पूरक व्यायामांचा, एक भाग म्हणून असतो. त्याबद्दल थोडं लिहिते, कारण हात घडवणं म्हटलं की लोकांना फक्त आपटणं आठवतं आणि पकड-मनगटाचा विचार कुणी करत नाही.

चिइशी म्हणजे दांड्याच्या एका टोकाला बसवलेलं वजन. दांडा वजनापासून जितका लांब पकडाल तितकं मनगटावर ओझं वाढतं. वजन तेच, पण चार बोटं मागे पकडलं की हात थरथरायला लागतो. निगिरीगामे म्हणजे रुंद काठाचे मातीचे रांजण, ते वरून फक्त बोटांनी काठाला धरून उचलायचे आणि सान्चिन नावाच्या उभं राहण्याच्या पद्धतीत सावकाश चालायचं. थोडी थोडी वाळू भरत जायची. इथे खांदे वर गेले तर सगळं वाया. काखेखालचे स्नायू खाली ओढलेले ठेवून चालायचं असतं, आणि ठोसा लागताना खांदा जागेवर ठेवणारे स्नायू तेच. मग माकिवाराकडे गेलं की उभा_खांब म्हणतात तो खांदा मागे फेकला जाण्याचा प्रकार आपोआप कमी होतो.

कोंगोकेन नावाची लंबगोल लोखंडी कडी आहे. गोजू-र्यूचे संस्थापक मियागी चोजून १९३४ मध्ये हवाईला गेले होते, तिथल्या कुस्तीगिरांच्या व्यायामातून ती आली. तेव्हा परंपरा म्हणून जे आपण करतो त्यातलं काही बाहेरून उचललेलं आहे आणि उपयोगी वाटलं म्हणून टिकलेलं आहे. हे मला फार आवडतं.

कोतेकिताईबद्दल: जोडीदारासमोर उभं राहून कोपरापासून मनगटापर्यंतचा हात एकमेकांच्या हातावर ठरावीक क्रमाने मारायचा. आतून, बाहेरून, खालून. उएची-र्यू या दुसऱ्या शैलीत हा सराव जास्त दिसतो, पण आम्हीही करतो. यात नवीन माणसाला सगळ्यात आधी शिकवावं लागतं ते हाडाच्या कडेवर न मारणं. करंगळीच्या बाजूला हाडावर मांस अगदी पातळ असतं. हात लागताना थोडा फिरवला की स्नायूचा भाग समोर येतो. हे न सांगता दोन नवशिके समोरासमोर उभे केले की काळेनिळे हात घेऊन घरी जातात आणि पुढच्या आठवड्यात येत नाहीत.

श्वेतपट्टा:

वाचतोय. मी अगदी नवा आहे. आमच्या ओळखीत एक जण रोज सिमेंटच्या भिंतीवर मूठ मारतो आणि म्हणतो की हाड असंच घट्ट होतं. हे खरं आहे का?

अस्थी:

नाही. कृपया भिंतीवर मारू नका. मी हाडांच्या शस्त्रक्रिया विभागात काम करतो आणि लहानपणापासून कराटेही करतो, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

हाडावर भार पडला की हाड त्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये हे मांडलं आणि ढोबळ अर्थाने ते आजही मान्य आहे. भिंतीवर मारणारे बहुतेक याचाच आधार घेतात. पण त्यांच्याकडून दोन गोष्टी सुटतात.

पहिली वेळेची. हाड घडताना आधी जुना थर खरवडला जातो, त्याला काही आठवडे लागतात, आणि मग नवा थर भरला जातो, त्याला काही महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात ती जागा थोडी कमजोरच असते. तेव्हाच भार वाढवत नेला तर हाड मजबूत होण्याऐवजी त्याला बारीक तडा जातो.

दुसरी आवर्तनांची. हाडातल्या पेशी भाराला प्रतिसाद देतात, पण सलग मारत राहिलं की थोड्याच आवर्तनांनंतर तो प्रतिसाद मंदावतो आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर परत येतो. म्हणून एका बैठकीत पाचशे ठोसे मारून हाडाला जास्त काही मिळत नाही. उभा_खांब यांच्या मूळ लेखाशी हे जुळतं. इतोसूंचे शंभर-दोनशे ठोसे हाडासाठी धरले तर जास्तच आहेत, पण उभं राहणं अंगवळणी पाडायला धरले तर अगदी योग्य.

भिंत वाकत नाही. माकिवारा वाकतो म्हणून थांबण्याचा वेळ लांबतो आणि त्यामुळे मुठीवरचा सर्वोच्च जोर कमी होतो. भिंतीवर तोच ठोसा जवळजवळ तत्काळ थांबतो. फरक कौशल्याचा नाही, हाडापर्यंत पोचणाऱ्या जोराचा आहे.

आता कुठल्या गाठी. सेइकेनमध्ये, म्हणजे कराटेच्या नेहमीच्या सरळ मुठीत, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठीच का? त्या दोन बोटांची तळहातातली हाडं मनगटाशी जवळजवळ पक्की बसलेली असतात. अनामिका आणि करंगळीची हाडं बुडाशी हलतात. मूठ आवळून करंगळीची गाठ दुसऱ्या हाताने दाबून पाहा, ती चांगलीच खाली जाते. मग तर्जनीची दाबा. ती हलत नाही. शिवाय पहिल्या दोन गाठी मनगटामागच्या जाड हाडाच्या रेषेत येतात. रागाच्या भरात भिंत-दार ठोकणाऱ्यांचं मोडतं ते बहुतेक वेळा करंगळीचं हाड, गाठीच्या अगदी मागे. बॉक्सर फ्रॅक्चर म्हणतात त्याला, पण सराव केलेल्या बॉक्सरांपेक्षा न शिकलेल्यांमध्येच ते जास्त दिसतं.

बॅगवाला:

मी बॉक्सिंगमधून कराटेकडे आलो. मनापासून विचारतो, खांब हवाच कशाला? जड पंचिंग बॅग आहे, पॅड आहेत. हाताला पट्टी बांधा, ग्लोव्ह घाला, हात शाबूत ठेवा आणि भरपूर मारा. बॅग हलते, तिच्याभोवती पाय हलवावे लागतात, एकामागून एक चार ठोसे जोडता येतात. खांबासमोर माणूस एका जागी उभा राहून एकच ठोसा मारत बसतो. लढतीत असं कोण उभं राहतं? आणि उघड्या मुठीने कोणाच्या कपाळावर मारलं तर माकिवारावर किती वर्षं घालवली यावर हाड मोडायचं थांबणार नाही.

उभा_खांब:

बॅगवाला, तुमचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. कवटीचा पुढचा भाग मुठीच्या हाडांपेक्षा कितीतरी जाड असतो आणि सरावाने ते बदलत नाही. डोक्यावर उघड्या हाताने मारायचंच असेल तर तळहाताचा मनगटाजवळचा भाग, तेइशो, हाच शहाणपणाचा पर्याय. तोही माकिवारावर मारून पाहावा. मनगट मागे दुमडल्यावर हात कसा रेषेत ठेवायचा ते तिथे नीट कळतं.

पण बॅग आणि खांब यांत निवड करायची गरज नाही. बॅगचं काम अंतर, पाय, जोडठोसे आणि दम. ते खांब देत नाही आणि द्यायचंही नाही. बॅग मारली की ती पुढे जाते. ठोसा टेकल्यानंतर काय होतं हे ती फारसं सांगत नाही, कारण ती फळीसारखी तुम्हाला परत ढकलत नाही. शिवाय पट्टी आणि ग्लोव्ह मनगटाला बाहेरून आधार देतात. तो आधार काढल्यावर मनगट टिकतं का, हे उघड्या हाताने आणि हलक्या जोराने पाहायचं असेल तर वाकणारी फळीच हवी. मी पंचवीस-तीस ठोसे खांबावर मारतो आणि मग बॅगकडे जातो. बॅगवर गेल्यावर खांदा कुठे आहे याचा विचार करावा लागत नाही.

एकाच जागी उभं राहण्याबद्दल: सुरुवातीला हो. नंतर एक पाऊल टाकून, मग बाजूने येऊन, मग हात खाली सोडलेल्या अवस्थेतून मारायचं. ओकिनावाचे जुने कराटेपटू मोतोबू चोकी माकिवाराच्या सरावासाठी प्रसिद्ध होते आणि त्यांची ख्याती प्रत्यक्ष लढतींसाठीच होती. तेव्हा खांब मारणारा माणूस खांबासारखाच उभा राहतो असं काही नाही.

बॅगवाला:

बाहेरच्या आधाराशिवाय मनगट, हा मुद्दा पटला. आमच्याकडे पट्टी न बांधता हलके ठोसे मारायला लावणारे काही जुने प्रशिक्षक होते, त्यांचं कारण आत्ता कळलं.

एक_आई:

माझा मुलगा १० वर्षांचा आहे. क्लासमध्ये मुलांकडून लादीवर मुठीवरचे पुश-अप्स आणि लाकडी फळीवर ठोसे करून घेतात. त्याच्या गाठी लाल होतात. शिक्षक म्हणतात सवय होईल. मी काळजी करावी का?

अस्थी:

ताई, हो, हे थांबवायला सांगा. अगदी स्पष्ट सांगतो. मुलांची हाडं लांबीने वाढतात ती टोकाजवळच्या कूर्चेच्या थरातून. तळहातातल्या चार बोटांच्या हाडांमध्ये हा थर नेमका गाठीच्या बाजूला असतो. फक्त अंगठ्याच्या हाडात तो उलट, मनगटाच्या बाजूला. म्हणजे मूठ मारताना मार बसतो तो वाढीच्या थरालगत. हा थर मुलींमध्ये थोडा आधी, मुलग्यांमध्ये थोडा उशिरा, साधारण १४ ते १८ च्या दरम्यान बंद होतो. तोपर्यंत कठीण पृष्ठभागावर मूठ मारण्यातून मिळण्यासारखं काही नाही आणि गमावण्यासारखं बरंच आहे.

१० वर्षांच्या मुलाने हवेत ठोसे मारावेत, मऊ पॅडवर हलके मारावेत, पुश-अप्स तळहातांवर करावेत. मूठ नीट कशी आवळायची, अंगठा कुठे ठेवायचा, मनगट सरळ कसं ठेवायचं हे सगळं या वयात उत्तम शिकता येतं. शिक्षकांशी बोलताना वाढीच्या थराचा मुद्दा सांगा. बहुतेक चांगले शिक्षक ऐकतात. नाही ऐकलं तर क्लास बदला.

एक_आई:

खूप आभार. उद्याच बोलते.

सान्चिन:

अस्थी यांना मनापासून अनुमोदन. परंपरा म्हणून मुलांवर हे लादू नये. मियागींच्या काळीही उपकरणांचा व्यायाम माणसाची ताकद बघून वाढवत नेत असत.

बारीक_काम:

मी दिवसभर हातांनी अतिशय नाजूक काम करते, बोटांची संवेदना हीच माझी रोजीरोटी. कराटे आवडतं. माकिवारामुळे पुढे संधिवात होतो का? आणि वाळूत, खड्यांत बोटं खुपसतात ते?

अस्थी:

पहिल्या प्रश्नावर एक जुनी तपासणी आहे. १९८५ मध्ये ब्रिटनमधल्या एका क्रीडावैद्यक नियतकालिकात २२ कराटे शिक्षकांचे हात तपासून, एक्स-रे काढून निष्कर्ष छापले होते. सांध्यांची लवकर झीज झालेली आढळली नव्हती. हे दिलासा देणारं आहे, पण संख्या लहान आहे आणि त्यात एक अडचण आहे: शिक्षक होईपर्यंत टिकले तेच तपासले गेले. ज्यांचे हात मध्येच बिघडले आणि ज्यांनी सोडून दिलं ते त्यात येणारच नाहीत. म्हणून मी असं म्हणेन की वाकणारा खांब, मोजका जोर आणि विश्रांती असेल तर संधिवात ठरलेलाच आहे असं मानायचं कारण नाही. यापुढे जाऊन खात्री देणार नाही.

वाळू-खड्यांत बोटं खुपसण्याला मात्र तुमच्यासाठी ठाम नकार. बोटांच्या टोकांना संवेदनेच्या बारीक नसा दाटीने असतात, शेवटचा सांधा लहान आणि नाजूक असतो. तिथली त्वचा जाड झाली की स्पर्शाची बारकाई कमी होते. तुमच्या कामात ते परवडणार नाही.

उभा_खांब:

यात थोडी भर. ज्या शैलींमध्ये नुकिते (सरळ बोटांच्या टोकांनी मार) आणि शोकेन (एका बोटाची गाठ पुढे काढलेली मूठ) यांना महत्त्व आहे, म्हणजे प्रामुख्याने उएची-र्यू, तिथे बोटांची तयारी वर्षानुवर्षं पायरीने करतात. या शैलीचे संस्थापक उएची कानबून चीनमधल्या फूचौला शिकून आले, त्या परंपरेचाच तो भाग आहे. तिथे ती तयारी संपूर्ण पद्धतीत बसते. बाहेरून फक्त वाळूची पेटी उचलून आणली तर हातात दुखणंच येतं. बारीक_काम, तुम्ही माकिवारा मारलाच तर जाड फोम लावून, हलका, आणि शुतोपेक्षा (उघड्या हाताच्या कडेचा मार) तेत्सुईचा (मुठीच्या करंगळीकडच्या बाजूने हातोड्यासारखा मार) सराव जास्त ठेवा. तेत्सुईत मूठ बंद असते आणि मार मांसल भागावर बसतो. कंबर आणि पाय यांचं शिक्षण तेवढंच मिळतं.

श्वेतपट्टा:

भिंत सोडली, मित्रालाही सांगितलं. आता मला सुरुवात कशी करायची ते सांगा ना. किती, कधी, किती जोरात?

उभा_खांब:

आधी न मारता. फळीसमोर उभे राहा, ठोसा पूर्ण झालेल्या अवस्थेत पहिल्या दोन गाठी पॅडवर टेकवा आणि सावकाश रेटा. फळी वाकू द्या. धरून ठेवा आणि खालून वर स्वतःला तपासत या: मागची टाच जमिनीला चिकटलीय का, मागचा गुडघा ढिला आहे का, कंबर समोर सरळ आहे का, खांदा कानाकडे चढलाय का, कोपर बाहेर फाकलंय का, मनगटाच्या वर सुरकुती पडलीय का. मनगटाच्या वरच्या बाजूला सुरकुती दिसली तर ते मागे वाकलंय. हळूच सोडा. दोन्ही हातांनी दहा-दहा वेळा. पहिले काही आठवडे एवढंच करा, कंटाळा आला तरी.

मग मारायला लागा, पण अगदी हलकं, अंदाजे निम्म्याहून कमी जोराने. हात शेवटपर्यंत सैल, टेकताना मूठ आवळायची, फळीत दोन इंच आत जायचं आणि क्षणभर तिथेच थांबायचं. झटकन मागे खेचायचं नाही, ते नंतरचं. एका हाताने दहा-पंधरा ठोसे, एक दिवसाआड. डाव्या हाताला दोन-चार जास्त, कारण उजव्या हाताच्या माणसाचा डावा खांदा बऱ्याचदा वर चढतो. कान उघडे ठेवा. नीट बसलेल्या ठोशाचा आवाज खोल आणि एकसंध येतो. गाठी तिरक्या लागल्या की घासल्याचा आवाज येतो आणि कातडीही तिथेच सोलते. घट्टे पडले तर पडले. त्यांच्यासाठी कातडी घासत बसू नका, त्याने ठोशाला काही मिळत नाही.

जोर वाढवण्याची घाई करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ पूर्ण मिटता आली आणि कुठे ठणका नसेल तरच पुढे जा.

अस्थी:

याला जोडून, कधी थांबायचं ते लिहितो. थोडी लाली एका दिवसात जाते, ती चालेल. गाठीवरची सूज दोन-तीन दिवसांत उतरली नाही तर थांबा. बोट मिटताना गाठीवरची शीर (रक्तवाहिनी नव्हे, बोट सरळ करणारा स्नायूचा दोर) एका बाजूला सटकल्यासारखी वाटली तर लगेच दाखवा. ती शीर जागेवर धरून ठेवणारा पडदा फाटलेला असू शकतो आणि वेळेवर उपचार झाले तर शस्त्रक्रिया टळू शकते. घरी करण्यासारखी एक तपासणी: मूठ सावकाश मिटा आणि तळहात स्वतःकडे धरून बघा. चारही बोटांची टोकं अंगठ्याच्या बुडाकडे रोखलेली हवीत. एखादं बोट शेजारच्यावर चढत असेल तर आत हाड फिरलेलं असण्याची शक्यता आहे, एक्स-रे काढा. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

सान्चिन:

आणि सगळ्यांचा मिळून एकच खांब असेल तर कातडी फुटलेल्या माणसाने त्या दिवशी मारू नये. रक्तातून कावीळ ब सारखे आजार पसरू शकतात, पेंढ्याचा दोर धुताही येत नाही. आम्ही म्हणूनच चामड्याचं आवरण लावलंय, ते पुसता येतं आणि खराब झालं की बदलता येतं.

श्वेतपट्टा:

शेवटचा प्रश्न. खांब पुरायला जमीनच नसेल तर? भिंतीवर स्क्रूने बसवायचे पॅड मिळतात ते घेऊ का?

उभा_खांब:

चपटा पॅड थेट भिंतीवर बसवला तर ती भिंतच राहते, वर थोडा मऊपणा इतकंच. घ्यायचा तर भिंतीपासून सुटी राहणारी लाकडी पट्टी असलेला घ्या. तिचं एक टोक घट्ट बसवलेलं आणि दुसरं मोकळं असतं, त्यामुळे ती वाकते. घेण्याआधी तळहाताने रेटून पाहा. पायाखाली चौथरा आणि त्यावर फळी असा उभा प्रकारही असतो, पण त्यावर स्वतः उभं राहून वजन द्यावं लागतं, नाहीतर प्रत्येक ठोशाला तो मागे सरकतो. यातलं काही जमत नसेल तर तोपर्यंत जोडीदाराला जाड पॅड दोन्ही हातांनी छातीशी धरून घट्ट उभं राहायला सांगा आणि वर लिहिलेला रेटण्याचा सराव त्याच्यावर करा. तो मागे रेलायला लागला की त्याला तुमच्याकडे थोडं झुकायला सांगा.